वणव्याचा धोका असलेल्या भागात घर बांधताना सर्वांत आधी कशाकडे लक्ष द्यावे?

भिंती कशाच्या असाव्यात हा प्रश्न बहुतेकांना आधी पडतो. माझ्या मते तो दुय्यम आहे. वणव्यात घरे पेटतात ती पुष्कळदा थेट ज्वाळांनी नव्हे, तर वाऱ्याबरोबर कधी कधी एक किलोमीटरहून अधिक अंतर उडत येणाऱ्या निखाऱ्यांमुळे. छपराच्या फटींत, पन्हळीतल्या पाचोळ्यात किंवा झरोक्यांतून माळ्यावर शिरलेले हे निखारे, मुख्य आग पुढे सरकल्यानंतर काही तासांनीही घर पेटवू शकतात. म्हणून छप्पर कौले किंवा धातूचा पत्रा यांसारख्या न जळणाऱ्या साहित्याचे असावे, कडेच्या कौलांखालील पोकळ्या बुजवाव्यात आणि झरोक्यांना सुमारे ३ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक छिद्रांची धातूची जाळी बसवावी. प्लास्टिकची जाळी वितळते, त्यामुळे ती असून नसल्यासारखीच. खिडक्यांना टफन्ड (उष्णतेची प्रक्रिया करून मजबूत केलेल्या) काचेची दुहेरी तावदाने घ्यावीत, कारण साधी काच उष्णतेने तडकून आगीला वाट करून देते.

भिंतीलगतच्या पहिल्या १.५ मीटर पट्ट्यात झुडपे, सरपण, लाकडी बाके असे काहीही ठेवू नये; तेथे खडी किंवा फरशी घालावी, आणि लाकडी कुंपण घराला भिडत असेल तर त्याचा शेवटचा भाग धातूचा करावा. कॅलिफोर्नियात वणवाप्रवण क्षेत्रांतील नव्या घरांच्या छप्पर, झरोके, खिडक्या इत्यादींसाठी २००८ पासून स्वतंत्र बांधकाम नियम लागू आहेत.

जुन्या घरात सर्व बदल एकदम शक्य नसल्यास पन्हळींची सफाई, जाळ्या आणि हा पट्टा यांपासून सुरुवात करावी; खर्चाच्या मानाने त्यांचाच उपयोग सर्वाधिक होतो.