लिफ्ट वाजली की टीव्ही बंद

मी समुपदेशक. महिन्यातून एकदा तरी कुणीतरी हा प्रश्न घेऊन माझ्यासमोर बसतं: हौसेनं प्लेस्टेशन, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल, घेतलं, आता वाटतंय पैसे पाण्यात गेले. ठेवू की विकून टाकू? मुलांच्या काळजीनं येणारे आईवडील वेगळे. हे विचारणारे बहुतेक जण तिशी-चाळिशीतले, कमावते असतात, आणि कन्सोल त्यांनी स्वतःच्या पैशानं घेतलेला असतो. त्यांच्यापैकी एका गृहस्थांचा अनुभव त्यांच्या परवानगीनं आणि ओळखीच्या खुणा बदलून सांगते.

वय ३९, पुण्यात आयटीत नोकरी. घरी पत्नी, आई आणि ८ वर्षांची मुलगी. बोनस जमा झाला त्याच रात्री त्यांनी प्लेस्टेशन ५ मागवलं, डिस्कवालं, ५४,९९० रुपयांचं. सोबत ४,९९९ चे दोन गेम. पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर. घरी आणल्यावर आईनं त्यावर क्रोशाचा रुमाल घातला, पूर्वी टीव्हीवर घालायची तसा.

"मॅडम, मला व्यसन लागलंय का?" हे त्यांचं पहिलं वाक्य. चार महिन्यांत किती खेळलात, असं मी विचारलं. कुठला गेम किती तास खेळला ते कन्सोलवर दिसतं. पुढच्या वेळी ते बघून आले: दोन्ही मिळून ११ तास.

व्यसनाची भीती मी कधी हसण्यावारी नेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत गेमिंगच्या विकाराची नोंद आहे, आणि ही यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. पण तिथल्या खुणा नेमक्या आहेत. खेळण्यावरचा ताबा सुटतो, बाकी सगळ्याआधी खेळ येतो, नुकसान डोळ्यांना दिसत असूनही माणूस थांबत नाही. घर, नोकरी, अभ्यास यांची घडी विसकटते, आणि हे साधारण १२ महिने चाललेलं असतं. यातलं काहीच त्यांना लागू नव्हतं. तसं मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

मग मनाला एवढं का लागलंय? "खेळायला बसता तेव्हा काय होतं, तेवढंच सांगा," म्हटलं.

ते जरा थांबले. "लिफ्टचा आवाज आला की मी टीव्ही बंद करतो."

पुढची दोन सत्रं त्या लिफ्टच्या आवाजातच गेली. ते लहानाचे मोठे झाले सांगली जिल्ह्यात, वडील साखर कारखान्यात कामाला. शेजारच्या मित्राकडे टीव्ही गेम होता. पिवळी कॅसेट, वर '९९९९९९-इन-१' छापलेलं. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना आठवेल, कॅसेट चालली नाही की काढून तिच्यात फुंकर मारायची. मित्राच्या घरी ते काम यांचं. फुंकर मारून कॅसेट परत खोचायची आणि मागे सरकून बसायचं. रिमोट हातात क्वचितच यायचा. वडील म्हणाले होते, दहावीत ८० टक्के पाड, घेऊ. ८४ टक्के पडले. त्याच वर्षी बहिणीचं लग्न निघालं. "मी परत विषय काढला नाही," ते म्हणाले, आणि बराच वेळ हाताच्या बोटांकडे बघत राहिले.

नंतर पत्नीलाही बोलावलं. त्या चिडलेल्या होत्या आणि त्यांचा राग मला रास्त वाटला. "फ्रिज बदलायचा तर आमच्यात दोन महिने चर्चा. आणि हे एका रात्रीत आलं. मला विचारणं सोडा, सांगितलंसुद्धा नाही यानं." रकमेबद्दल त्या फारसं बोलल्याच नाहीत. कॅसेटची गोष्ट त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. मग त्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "लपवून का आणलंस पण? मी काय नाही म्हटलं असतं का?" त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. मीही ते सुचवलं नाही.

सहा आठवडे विकायचा विषय काढायचा नाही, असं तिघांनी ठरवलं. शनिवारी रात्री आणि रविवारी दुपारी खेळायचं, घरच्यांना माहीत असताना. आणि उठल्यावर वहीत एक ओळ लिहायची: आत्ता कसं वाटतंय. खेळतानाचं कुणालाही बरंच वाटतं, म्हणून मी उठल्यानंतरचं विचारते. एक गोष्ट त्यांना मुद्दाम सांगितली. ५४,९९० देऊन झाले आहेत, आज विकलं तरी सगळे परत येणार नाहीत. तेव्हा पैसे वसूल करायला म्हणून खेळू नका. तसं खेळणं म्हणजे शनिवारी रात्री दुसरी नोकरी.

वहीत तेच निघालं. पूर्ण करायला साठ-सत्तर तास लागणारा मोठा गेम खेळून उठल्यावर लिहिलेलं: "थकलो. काम बाकी राहिल्यासारखं." कन्सोलसोबत मोफत येणारा 'अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम' त्यांनी चार महिन्यांत उघडलाच नव्हता, लहान मुलांचा म्हणून. रविवारी मुलीसोबत लावला. गेममध्ये वाळूवरून चाललं की कंट्रोलर, म्हणजे हातातला रिमोट, वेगळा लागतो, बर्फावरून वेगळा. तिनं तो आजीच्या हातात दिला. त्या दिवशीची ओळ: "पाऊण तास. भूक लागली."

बाकी व्यवहार झटपट उरकला. डिस्क असल्यामुळे दोन्ही मोठे गेम विकता आले. डाउनलोड केलेले तसे विकता येत नाहीत, घेणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. पुढचा गेम हातातला विकल्यावरच. ऑनलाइन खेळायचं नसल्यानं वर्गणी बंद. मुलीचं वेगळं खातं, त्यावर वेळेची मर्यादा आणि खर्चाची मर्यादा शून्य. ठराविक रकमेच्या वरची कुठलीही खरेदी दोघांनी बोलून करायची, हे पत्नीनं लिहून फ्रिजवर लावलं.

सगळ्यांना मी ठेवाच म्हणते असं नाही. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक मुलगा आला होता, खोलीवर कन्सोल, सकाळचे चार रोज त्यावर वाजायचे. त्याची वही तीन दिवसांत भरली आणि प्रत्येक ओळीत पश्चात्ताप होता. त्यानं वॉरंटी शिल्लक असतानाच विकला. मी त्याला आग्रहानं तेच सुचवलं होतं.

या गृहस्थांकडे कन्सोल अजून आहे. रविवारी दुपारी आई रुमाल उचलून घडी करून बाजूला ठेवते. खेळ संपला की मशीन गार झालं का ते हात लावून बघते आणि मगच तो परत घालते.