समुद्रतळातून काढलेले महायुद्धातील विमान धुऊन, वाळवून लगेच संग्रहालयात मांडता येते का?
नाही, गोव्यातील बोगमाळोच्या नौदल विमानचालन संग्रहालयात निवृत्त विमाने दिसतात तसे ते लगेच मांडता येत नाही, कारण खाऱ्या पाण्यातून काढलेले विमान तसेच वाळू दिले, तर पाण्याखाली अनेक दशके टिकलेला त्याचा सांगाडा वर आल्यावर फार वेगाने नष्ट होऊ लागतो. अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूवरील बारीक खड्ड्यांत क्लोराइड, म्हणजे खाऱ्या पाण्यातील मिठाचा घटक, मुरलेले असते. हवेतील प्राणवायू आणि ओलावा मिळताच तिथे आम्ल तयार होते, पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटभोवती (धातूच्या खिळ्यांभोवती) पांढरी भुकटी जमते आणि पत्रा आतून पोखरला जातो. पोलादी बोल्ट जिथे पत्र्याला टेकलेले असतात, तिथे तर ही झीज अधिकच होते. म्हणूनच २०१३ साली इंग्लिश खाडीतून वर काढलेले जर्मन बॉम्बफेकी विमान ‘डॉर्निअर १७’ ब्रिटनमधील कॉस्फर्ड येथील संग्रहालयात बोगद्यासारख्या मांडवात ठेवून त्यावर सायट्रिक आम्लाचे सौम्य द्रावण दीर्घकाळ फवारावे लागले, आणि हे कंटाळवाणे काम विमान वर उचलण्याइतकेच मोलाचे आहे. मात्र गोड्या पाण्यातील विमानांना हे तितके लागू नाही: अमेरिकेतील मिशिगन सरोवरात प्रशिक्षणादरम्यान बुडालेली अमेरिकी नौदलाची विमाने बरीच सुस्थितीत मिळाली आणि त्यांपैकी काही फ्लोरिडातील पेन्साकोलाच्या नौदल विमानचालन संग्रहालयात आहेत.