नव्या कर्नलवर संगणक अडतो, तेव्हा

प्रश्न : माझ्या संगणकावर उबुंटू ही लिनक्स कार्यप्रणाली आहे. तिचा कर्नल, म्हणजे गाभा, अपग्रेड केल्यापासून संगणक सुरूच होत नाही; काळ्या पडद्यावर ‘कर्नल पॅनिक’ आणि शेवटी ‘अननोन-ब्लॉक (०,०)’ असे दिसते. सगळे पुसून उबुंटू नव्याने टाकण्याचा सल्ला मित्राने दिला आहे. दुसरा मार्ग आहे का?

उत्तर : आहे, आणि तो बराच सोपा आहे. उबुंटू नवा कर्नल टाकताना आधीचा काढून टाकत नाही, त्यामुळे तुम्हाला आत शिरायला वाट बहुधा शिल्लक असेल. संगणक सुरू होताना एस्केप एकदाच दाबा (जुन्या बायोसच्या यंत्रावर शिफ्ट दाबून धरा), ग्रब या, कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या मेनूतून ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जा आणि आधीच्या क्रमांकाचा कर्नल निवडा.

त्या दोन शून्यांचा अर्थ असा, की जिच्यावर सारी प्रणाली आहे ती डिस्क कर्नलला ओळखताच आली नाही. ग्रब कर्नलला डिस्कचा पत्ता सहसा यूयूआयडी या एकमेव ओळख-क्रमांकाच्या रूपात देतो. तो एकट्या कर्नलला उलगडत नाही, ते काम ‘इनिटरॅमएफएस’ नावाची, आवश्यक ड्रायव्हर बरोबर आणणारी छोटी तात्पुरती प्रणाली करते. नव्या कर्नलसाठी तिची फाइल तयारच झाली नसावी, असा माझा कयास आहे. याचे नेहमीचे कारण अगदीच क्षुल्लक असते : बूटचे, म्हणजे कर्नलच्या फाइली ठेवण्याचे, डिस्कवरील विभाजन स्वतंत्र आणि लहान असते, जुन्या कर्नलांनी ते भरून जाते आणि फाइल लिहायला जागाच उरत नाही.

आत गेल्यावर ‘डीएफ’ कमांडने बूटमधील जागा पाहा. ती संपली असेल, तर एपीटी या पॅकेज टाकणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रामच्या ‘ऑटोरिमूव्ह’ने जुने कर्नल काढा, मात्र ‘यूनेम -आर’ जो क्रमांक दाखवील, म्हणजे ज्याच्या आधारे तुम्ही आत आला आहात, तो काढण्याच्या यादीत नाही याची आधी खात्री करून घ्या. एपीटीने अर्धवट राहिलेल्या पॅकेजची तक्रार केली, तर ‘डीपीकेजी’ या त्याच्या जोडीच्या साधनाला ते पॅकेज पूर्ण करायला सांगावे लागेल. मग ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ला नव्या कर्नलचा क्रमांक देऊन फाइल तयार करा, ‘अपडेट-ग्रब’ चालवा आणि बूटमध्ये त्या क्रमांकाच्या ‘व्हीएमलिनझ’ (कर्नल) व ‘इनिटआरडी’ (इनिटरॅमएफएस) या दोन्ही फाइली दिसल्यावरच संगणक पुन्हा सुरू करा.

जुना कर्नलही अडला, तर लाइव्ह यूएसबीवरून (ज्यावरून उबुंटू थेट चालते अशा पेनड्राइव्हवरून) संगणक सुरू करून आधी कागदपत्रांची प्रत काढा. हीच दुरुस्ती तेथून ‘सीएचरूट’ करूनही, म्हणजे डिस्कवरील प्रणालीत शिरूनही, करता येते.