भारतातून गेलेला रिंकू सिंग अमेरिकन बेसबॉलमध्ये अपयशी का ठरला?

केकेआरसाठी शेवटच्या षटकात पाच षटकार ठोकणारा रिंकू तो हा नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. हा भदोहीकडचा, ट्रक ड्रायव्हरचा मुलगा, मुळात भालाफेकपटू. 2008 मध्ये एका अमेरिकन एजंटने भारतात वेगवान चेंडू फेकणाऱ्यांची स्पर्धा भरवली, ती जिंकून हा अमेरिकेला गेला. ‘अपयशी’ मात्र मला पटत नाही. तो ज्यांच्याकडून खेळला त्या पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीग संघाचा मी जुना चाहता, तेव्हा थोडा पक्षपात धरून चाला.

स्पर्धेत त्याचा वेग होता ताशी 87 मैल, म्हणजे 140 किलोमीटर. आपल्याकडे एवढ्यावर रणजी करंडकात नाव होतं. तिकडे नव्वदच्या पुढे टाकणारी पोरं ढिगाने असतात. आणि वेग सोडला तर या गड्याला बेसबॉलमधलं काहीच येत नव्हतं. हातात ग्लोव्ह घालून चेंडू पकडायचा कसा, इथपासून सुरुवात. पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, नुसतं फेकून चालत नाही. पहिल्या बेसवरचा धावपटू पळायच्या बेतात असतो, त्याच्यावर डोळा ठेवावा लागतो, त्याला चकवायला फेकीची खोटी सुरुवात केली तर अंपायर ‘बॉक’ देतो आणि धावपटूला पुढचा बेस फुकट. हे सगळं अमेरिकेतली मुलं सहा-सात वर्षांची असल्यापासून खेळता खेळता शिकतात. रिंकू विशीत शिकला, टॉम हाऊस या नावाजलेल्या कोचच्या हाताखाली, तेही काही महिन्यांत. नोव्हेंबर 2008 मध्ये पायरेट्सने त्याला आणि त्याच स्पर्धेत दुसरा आलेल्या वाराणसीच्या दिनेश पटेलला करारबद्ध केलं.

इथून मायनर लीगची शिडी सुरू होते: रुकी, मग ‘ए’च्या पायऱ्या, डबल-ए, ट्रिपल-ए आणि सगळ्यात वर मेजर लीग. 4 जुलै 2009 ला रिंकू फ्लोरिडातल्या रुकी लीगमध्ये उतरला. दिनेशला 2010 च्या शेवटी सोडून दिलं. रिंकू टिकला. तो डावखुरा होता हेही त्यामागे असणार, डावखुऱ्या पिचरला संघ जरा जास्त मुदत देतात.

2012 मध्ये तो वेस्ट व्हर्जिनियाच्या लो-ए, म्हणजे ‘ए’च्या खालच्या पायरीवरच्या, संघाकडून खेळला आणि त्याची ईआरए, म्हणजे क्षेत्ररक्षकांच्या चुका वगळून नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी (जितकी कमी तितकी चांगली), होती 3.00. स्पर्धा जिंकल्याची गोष्ट सगळे सांगतात, पण माझ्या लेखी त्याची खरी कमाई ही. समोरचे बॅटर कॉलेजातून नाहीतर डॉमिनिकन रिपब्लिकच्या अकादमीतून तयार होऊन आलेले होते आणि त्यांना याच्या गावाशी काही देणंघेणं नव्हतं. पगार म्हणाल तर त्या पातळीवर तेव्हा महिन्याला जेमतेम हजार-दीड हजार डॉलर, तोही फक्त हंगाम चालू असेपर्यंत. प्रवास बसने. त्याआधीच्या हिवाळ्यात तो ऑस्ट्रेलियात कॅनबेराकडूनही खेळला होता.

घात केला तो कोपराने. 2013 मध्ये त्याची टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. फाटलेल्या लिगामेंटच्या जागी शरीरातलाच दुसरा स्नायुबंध काढून, हाडात भोकं पाडून ओवतात. 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर ती पहिल्यांदा केली, म्हणून हे नाव. त्यानंतर काही महिने चेंडूला हात लावायचा नाही. मग पंचेचाळीस फुटांवरून हलकेच फेक, दुखलं नाही तर अंतर वाढवायचं, दुखलं की पुन्हा मागे. सगळं सुरळीत झालं तरी वर्ष-दीड वर्ष जातं. रिंकूचं सुरळीत झालं नाही. एकामागून एक हंगाम गेले आणि बघता बघता तो अठ्ठावीसचा झाला.

त्या काळी दर जूनमध्ये ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या, चाळीस फेऱ्या व्हायच्या. बरं होऊ पाहणाऱ्या पिचरच्या जागेवर दरवर्षी विशीतले नवे दावेदार. डबल-ए त्याला कधी दिसलंच नाही. पण ते न दिसता घरी परतणारे अमेरिकन खेळाडूही शेकड्याने असतात, त्यांना कुणी अपयशी म्हणत बसत नाही.

जानेवारी 2018 मध्ये त्याने डब्ल्यूडब्ल्यूई या कुस्तीच्या कंपनीशी करार केला. माझे भाचे त्याला ‘वीर महान’ म्हणून ओळखतात. त्यांना मी 3.00 च्या ईआरएचं कौतुक ऐकवून पाहिलं, त्यांनी चॅनेल बदललं.