ब्रिटनमधल्या प्राणिसंग्रहालयांत कोणकोणते दुर्मीळ प्राणी आहेत, याची नोंद कशी ठेवतात?

तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरात शिकायला मँचेस्टरला येताय, लहानपणापासून प्राण्यांचा नाद आहे, आणि ब्रिटनमध्ये कुठला दुर्मीळ प्राणी कुठे ठेवलाय याची खात्रीशीर यादी हवी आहे. तशी यादी नसेल तर स्वतः कशी करायची, असंही विचारलंय.

मी लेस्टरला राहते. गेली बारा-तेरा वर्षं अशी वही ठेवते आहे. आता तिच्या चार वह्या झाल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सगळ्या देशाची अशी एकच सरकारी यादी नाही. पण तुकड्यातुकड्यांनी माहिती आहे, आणि ती कायद्यामुळे आहे. इथे १९८१ चा प्राणिसंग्रहालय परवाना कायदा आहे. वर्षातले सात किंवा त्याहून जास्त दिवस लोकांना वन्य प्राणी दाखवायचे असतील तर स्थानिक कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेसारख्या संस्थेचा, परवाना घ्यावा लागतो. परवाना घेतला की दरवर्षी प्राण्यांचा तक्ता कौन्सिलकडे द्यावा लागतो. १ जानेवारीला किती होते, वर्षभरात किती आले, किती जन्मले, किती मेले, किती दुसरीकडे गेले आणि ३१ डिसेंबरला किती उरले. दुकानाच्या स्टॉकवहीत आवक-जावक असते तसंच. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात दर जानेवारीत ही मोजदाद होते आणि पाटी-पेन घेऊन पेंग्विन मोजणाऱ्या कीपरचे, म्हणजे प्राण्यांची देखभाल करणाऱ्यांचे, फोटो पेपरात येतात. लोक ते गंमत म्हणून बघतात, पण ती परवान्याची अट आहे.

हे तक्ते कौन्सिलकडे असतात, आणि ते मागता येतात. आपल्या माहिती अधिकारासारखा कायदा इथेही आहे. साधा ईमेल करायचा: अमुक वर्षाचा अमुक प्राणिसंग्रहालयाचा वार्षिक तक्ता हवा आहे. कामाच्या वीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि साध्या विनंतीला सहसा पैसे पडत नाहीत. मी आजवर असे बरेच तक्ते मागवले. कुणी नीटनेटकी फाइल पाठवतं, कुणी हाताने लिहिलेल्या कागदांची तिरकी स्कॅन. तिरकी असली तरी माहिती तीच असते. (बेलफास्टचं प्राणिसंग्रहालय उत्तर आयर्लंडमध्ये, तिथले नियम वेगळे. आणि जेराल्ड ड्यूरेल यांनी १९५९ मध्ये काढलेलं जर्सीचं प्राणिसंग्रहालय ज्या बेटावर आहे ते मुळात युनायटेड किंग्डमचा भागच नाही. माझ्या वहीत त्याचं पान वेगळं आहे.)

तक्त्यात '२.३.१' असे आकडे दिसतील. पहिला आकडा नरांचा, दुसरा माद्यांचा, तिसरा ज्यांचं लिंग अजून कळलेलं नाही त्यांचा. हे वाचायला शिकलात की निम्मं काम झालं. एखाद्या फार दुर्मीळ जातीपुढे ०.१.० दिसलं तर त्या जागी एकटी मादी उरली आहे. हा आकडा पाहिला की मी आधीच्या वर्षाचा तक्ता काढून बघते की नर कधी गेला, मेला की दुसरीकडे पाठवला.

घरबसल्या सुरुवात करायची असेल तर 'झूटियरलिस्टे' हे जर्मन संकेतस्थळ बघा. युरोपभरचे हौशी लोक ते चालवतात. एखादी जात शोधली की आज ती कुठे आहे आणि पूर्वी कुठे होती, दोन्ही दिसतं, तेही उपजातीपर्यंत. माझा त्याच्यावर बराच विश्वास आहे, पण ताजी नोंद नेहमी पडताळून घेते, कारण ती माहिती पाहणाऱ्यांनीच भरलेली असते. प्राणिसंग्रहालयांची स्वतःची माहिती 'स्पीशीज ३६०' या संस्थेच्या झिम्स नावाच्या प्रणालीत असते. १९७० च्या दशकात हे काम सुरू झालं तेव्हा संस्थेचं नाव वेगळं होतं. ती माहिती मुख्यतः सभासद संस्थांसाठी आहे, तुमच्या-माझ्यासाठी उघडी नाही.

आता वहीबद्दल. प्रत्येक नोंदीपुढे तारीख घाला. हे मी अनुभवाने शिकले. एका लहान प्राणिसंग्रहालयात मी नोव्हेंबरच्या पावसात एका रानमांजराच्या पिंजऱ्यापुढे पाऊण तास उभी होते. पाटीवर नाव, नकाशा, चित्र, सगळं होतं. आत गवत वाढलेलं, पाण्याच्या भांड्यात पानं पडून कुजलेली. शेवटी चारा घेऊन जाणाऱ्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "ती मागच्या उन्हाळ्यातच गेली, पाटी काढायची राहिली." त्या पाटीवर भरवसा ठेवून मी आधीच्या वर्षी, लांबूनच, 'आहे' असं लिहिलं होतं. तेव्हापासून माझ्या वहीत तीन खुणा आहेत: स्वतः पाहिला, कीपरने सांगितलं, पाटीवर वाचलं. तिसऱ्या खुणेला मी नोंद मानत नाही.

आणि जागाही बदलतात. ब्रिस्टलचं क्लिफ्टनमधलं प्राणिसंग्रहालय १८३६ मध्ये सुरू झालं होतं, ते ३ सप्टेंबर २०२२ ला बंद झालं. काही प्राणी शहराबाहेरच्या नव्या जागेसाठी ठेवले, कितीतरी दुसरीकडे गेले. त्या एका तारखेने माझी दोन पानं रद्द झाली.

'दुर्मीळ' म्हणजे काय, हेही आधी ठरवा. आपण भारतातून येतो तेव्हा डोळे आधी वाघ-सिंह शोधतात. इथल्या प्राणिसंग्रहालयांत जातिवंत म्हणून जपलेले वाघ सुमात्राचे आणि आमूरचे असतात. युरोपातली प्राणिसंग्रहालयं मिळून जो प्रजनन कार्यक्रम चालवतात, त्यात आपला ताडोबाचा वाघ नाही. सिंहांचं तसं नाही. लंडनमध्ये २०१६ मध्ये गीरच्या सिंहांसाठी मोठी जागा उघडली, तिथे सासण गीरचं रेल्वे स्टेशनही उभं केलं आहे. २०२४ च्या मार्चमध्ये तिथल्या आर्या नावाच्या सिंहिणीला तीन छावे झाले. ही बातमी मी त्याच दिवशी वहीत लिहिली, कारण या सिंहांच्या बाबतीत वंशावळीची वही हीच खरी गोष्ट आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या 'आशियाई' सिंहांची जनुकीय तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या मूळ पूर्वजांत आफ्रिकन रक्त निघालं आणि वर्षानुवर्षं चाललेला प्रजनन कार्यक्रम कोलमडला. त्यानंतर जुनागढच्या सक्करबागेतून आणलेल्या सिंहांपासून युरोपात नवी सुरुवात झाली. २०२२ मध्ये बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आलेली जोडीही सक्करबागेचीच.

भायखळ्याच्या राणीबागेत तुम्ही हम्बोल्ट पेंग्विन पाहिले असतील. ते इथे ठिकठिकाणी आहेत. रानात ते धोक्यात आहेत, पण प्राणिसंग्रहालयात दुर्मीळ नाहीत. या दोन गोष्टींसाठी वहीत दोन वेगळे रकाने ठेवा.

आता मला जे खरं सांगायचंय ते सांगते. सगळ्यात दुर्मीळ प्राणी मोठ्या पिंजऱ्यात नसतात. ते डब्यात असतात.

माझं माहेर लातूर जिल्ह्यातलं. २०२२ च्या पावसाळ्यात आमच्याकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीन खाल्लं. कोवळी रोपं रात्रीत साफ. भाऊ पहाटे बॅटरी घेऊन बादल्या भरभरून वेचायचा, गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधावर टाकायचा, सकाळी त्याखालच्या गोळा करून मिठाच्या पाण्यात बुडवायचा. तरी दुबार पेरणी चुकली नाही. ती गोगलगाय मूळची आफ्रिकेतली.

हीच गोगलगाय १९६० च्या दशकात ताहितीत पोचली होती. तिथेही तिने पिकं खाल्ली. तिला खाण्यासाठी म्हणून १९७० च्या दशकात फ्लोरिडाची एक शिकारी गोगलगाय मुद्दाम आणून सोडली, शेजारच्या मोरेआ बेटावर १९७७ मध्ये. ती मोठ्या गोगलगायींच्या मागे लागलीच नाही. तिने खाल्ल्या पार्ट्युला, म्हणजे त्या बेटांवरच्या झाडांवर राहणाऱ्या, नखाएवढ्या, निरुपद्रवी गोगलगायी. दहा वर्षांत मोरेआवरच्या रानातून पार्ट्युला जवळजवळ संपल्या. उरल्या त्या डब्यांतल्या. नॉटिंगहॅमचे ब्रायन क्लार्क आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं त्यांच्या जनुकशास्त्राचा अभ्यास करत होते, त्यांनी जमवलेल्या आणि वाचवून आणलेल्या गोगलगायी लंडन, एडिंबरा, जर्सी अशा ठिकाणी वाटून ठेवल्या गेल्या.

लंडनमध्ये 'टायनी जायंट्स' नावाच्या इमारतीत त्या काचेआडून दिसतात. पहिल्यांदा मला तिथे काहीच दिसलं नाही. नुसते ओले पारदर्शक डबे, आत ओला कागद, झाकणावर चिठ्ठी. दहा मिनिटांनी कळलं की काचेला चिकटलेला फिकट तपकिरी ठिपका हळूच सरकतोय. या गोगलगायी अंडी घालत नाहीत, पिल्लालाच जन्म देतात, आणि ते पिल्लू साबुदाण्याच्या दाण्यापेक्षा मोठं नसतं. अशा डब्यातली मोजणी कीपर आकडा चुकू न देता वर्षानुवर्षं करतात.

का करतात, तर १९९६ च्या जानेवारीत लंडनमध्ये पार्ट्युला टर्गिडा या जातीची शेवटची गोगलगाय मेली. एका परजीवी जंतूने त्या डब्यातल्या सगळ्या संपवल्या होत्या. जगातली एक अख्खी जात कोणत्या खोलीत संपली हे आपल्याला माहीत आहे, ते त्या नोंदवहीमुळे. आणि उलटही झालं. २०१५ पासून प्राणिसंग्रहालयांत वाढवलेल्या पार्ट्युला ताहिती आणि शेजारच्या बेटांवर परत सोडायला लागले. प्रत्येकीच्या शंखावर रंगाचा ठिपका, रात्री अतिनील दिव्याखाली चमकणारा, म्हणजे पुन्हा मोजता यावं. मोरेआवर ठिपका नसलेल्या, पूर्ण वाढलेल्या पार्ट्युला सापडल्या. म्हणजे त्या तिथेच जन्मल्या होत्या. २०२४ मध्ये पार्ट्युला टोहिवेआना ही जात 'रानातून नामशेष' या यादीतून बाहेर आली. ती बातमी मी भावाला फोनवर वाचून दाखवली. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "म्हणजे औषध आणताना आधी विचार करायला हवा होता."

माशांचंही असंच आहे. २०१३ च्या मे महिन्यात लंडन प्राणिसंग्रहालयाच्या मत्स्यालयाने जगाला आवाहन केलं: मादागास्करचा मंगराहारा नावाचा मासा, आमच्या माहितीत जगात तीनच उरले आहेत, दोन आमच्याकडे, एक बर्लिनला, आणि तिन्ही नर आहेत, कुणाच्या टाकीत मादी आहे का? मासा ज्या नदीतला, तिच्यावर धरणं होऊन प्रवाह आटला होता. हे आवाहन मादागास्करमधल्या एका व्यावसायिकाने वाचलं आणि असा मासा आपण पाहिल्याचं कळवलं. वर्ष संपायच्या आत मोहीम गेली, मुख्य नदीपासून तुटलेल्या पाण्यात अठरा मासे सापडले. '३.०.०' हा आकडा कुणी नीट लिहिलाच नसता, तर मादी शोधायची हे कुणाला सुचलं असतं?

तुम्ही मँचेस्टरला असाल, म्हणजे चेस्टर तुम्हाला जवळ. रेल्वेने सव्वा तासाच्या आत पोचाल. चेस्टरच्या प्राणिसंग्रहालयाने १९९८ मध्ये टकीला माशाच्या पाच जोड्या मेक्सिकोत मिचोआकान विद्यापीठाला पाठवल्या होत्या. बोटाच्या पेराएवढा मासा, त्याच्या नदीतून तो संपला होता. त्या पाच जोड्यांच्या वंशातले पंधराशे मासे पुढे तेउचितलान नदीत सोडले आणि ते तिथे टिकले. पहिल्या भेटीत हत्तींकडे जाण्याआधी मत्स्यालयात जा. कुठली टाकी कुठल्या जातीची, हे कीपरला विचारा. मंगळवार-बुधवारी, शाळांना सुट्टी नसताना गेलात तर ते निवांत बोलतात. नाव, आकडा, तारीख, आणि तीनपैकी खूण. मग चेशायर वेस्ट अँड चेस्टर कौन्सिलकडे गेल्या वर्षीचा तक्ता मागा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. काही जुळलं नाही तर इथेच खाली लिहा, मी माझ्या वहीतलं पान काढून सांगते.