समतोलाबाहेरचे अणू

भौतिकशास्त्रावरच्या लेखाचा अनुवाद करताना अडलेला प्रश्न असा आहे: अतिथंड (म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड केलेल्या) अणूंच्या 'आउट ऑफ इक्विलिब्रियम', म्हणजे समतोलात नसलेल्या, वागण्याला 'असंतुलित वर्तन' म्हटलं तर चालेल का? आणि त्याच लेखात वारंवार येणाऱ्या 'क्वेंच'चं काय करायचं?

'असंतुलित' नको. शाळेच्या पुस्तकांनी तो शब्द बलांना देऊन टाकलाय, संतुलित बल आणि असंतुलित बल. शिवाय असंतुलित आहार, असंतुलित विकास असं म्हणताना काहीतरी बिघडलंय हे आपण गृहीतच धरतो. इथे बिघडलेलं काही नाही. 'अस्थिर' तर त्याहून वाईट, कारण समतोल स्वतःच अस्थिर असू शकतो.

मुळात हा समतोल बलांचा नव्हे, उष्णतेचा. वायूतले अणू एकमेकांवर आपटत राहतात, ऊर्जा वाटली जाते आणि लवकरच वेगांचा आलेख (कोणत्या वेगाचे किती अणू आहेत ते दाखवणारा) ठरलेल्या घंटेच्या आकाराला येतो. एकदा तिथे पोचलं की सुरुवात कशी झाली होती याचा माग उरत नाही.

आता २००६ सालचा पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातला किनोशिता, वेंगर आणि वाइस यांचा प्रयोग बघा. त्यांनी रुबिडियमचे अतिथंड अणू लेसरच्या प्रकाशाने तयार केलेल्या अतिशय अरुंद नळ्यांमध्ये कोंडले, इतक्या अरुंद की अणूंना पुढे-मागे सरकण्यापलीकडे वावच नाही. मग लेसरचे झटके देऊन त्यांचे दोन गट विरुद्ध दिशांना पिटाळले. गट टोकाकडे जायचे, परत फिरायचे, मध्यावर एकमेकांवर आदळायचे. हजारो टकरी झाल्या तरी वेगांच्या आलेखाची घंटा काही झाली नाही. एका रेषेत सारख्या वस्तुमानाचे दोन कण लवचीकपणे आपटले की ते वेगांची नुसती अदलाबदल करतात. वेगांची यादी होती तीच राहते. पुंजभौतिकीतलं (क्वांटम फिजिक्समधलं) खरं कारण याहून खोल आहे, पण अंदाज यायला एवढं पुरे. हेच अणू तिन्ही दिशांना मोकळे असते तर मोजक्या टकरींत सगळं मिसळून गेलं असतं.

या अवस्थेला 'समतोल ढळलेली' म्हटलं तर सगळा भर धक्क्यावर जातो. 'समतोल न गाठलेली' म्हटलं तर आज ना उद्या गाठेल असं वाटतं, आणि प्रयोगाची गंमत नेमकी इथेच आहे की अणू गाठत नाहीत. 'समतोलाबाहेरची' या शब्दात दोन्हींपैकी काहीच गृहीत धरलेलं नाही. म्हणून माझं मत त्याला: 'परस्परक्रिया करणाऱ्या अतिथंड अणूंचं समतोलाबाहेरचं वर्तन'. लांबलचक आहे खरं, पण मूळ इंग्रजीही काही आटोपशीर नाही.

'क्वेंच'चा गोंधळ जास्त मजेशीर आहे. कोशात बघून कोणी 'शमन' लिहील, अग्निशमनातलं. पण इथे काहीच शमवायचं नसतं, उलट शांत बसलेल्या अणूंना डिवचायचं असतं. शब्द आला धातुकामातून: तापलेलं लोखंड एकदम पाण्यात बुडवायचं. त्याला आपल्याकडे लोहार 'पाणी देणे' म्हणतात. भौतिकशास्त्रज्ञांनी त्यातला फक्त 'एकदम' उचलला, थंड करणं सोडून दिलं. २००२ साली म्यूनिकमध्ये ब्लॉख, ग्राइनर आणि सहकाऱ्यांनी प्रकाशाच्या जाळीत, म्हणजे लेसरने तयार केलेल्या खळग्यांच्या रांगांमध्ये, बसवलेल्या अणूंच्या बाबतीत जाळीची खोली (ते खळगे किती खोल आहेत ते) झटक्यात वाढवली. अणूंच्या लहरींचा व्यतिकरण-आकृतिबंध (लहरी एकमेकींत मिसळून उमटणारी नक्षी) विरून गेला आणि मिलिसेकंदभरही न लागता परत उमटला. हा क्वेंचच, आणि यात थंड काहीच केलेलं नाही.

त्यामुळे 'पाणी देणे' कितीही मोहात पाडत असलं तरी अनुवादात घालू नका. वाचक तापमान शोधत बसेल. पहिल्यांदा 'झटक्यात केलेला बदल, म्हणजे क्वेंच' असं लिहा आणि पुढे नुसतं 'क्वेंच' ठेवा. प्रयोगशाळेतली मराठी मुलंही 'क्वेंच केला' असंच म्हणतील.