वडील सैन्यातून निवृत्त झाले आणि मग दुकान चालवलं. त्यांच्यावर स्मरणलेख लिहायचा आहे, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की वडील सैन्यातलं फारसं बोलायचे नाहीत आणि दुकानाबद्दल घरचे म्हणतात, ‘त्यात काय लिहिण्यासारखं?’ माझं मत उलट आहे. दुकानाला जास्त जागा द्या. शिपाई म्हणून भरती झालेला माणूस बहुधा पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो. पुढचं अर्धं आयुष्य तो दुकानात उभा असतो आणि लोकांना तो तिथंच भेटलेला असतो. तरीही ‘देशसेवेनंतर व्यवसायात पदार्पण केले’ एवढ्यावर ते सगळं उरकलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

सैन्याचा भाग थोडक्यात, पण अचूक लिहा. डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्त होताना मिळालेलं सेवेच्या नोंदींचं पुस्तक, शोधा. त्यात सेवा क्रमांक, भरतीची आणि निवृत्तीची तारीख, ट्रेड (सैन्यातलं नेमून दिलेलं काम), पदकं, वर्तनाचा शेरा असं सगळं असतं. ते सापडलं नाही तर पीपीओवरून, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावरून, सेवा क्रमांक काढा आणि त्यांच्या रेजिमेंटच्या किंवा शाखेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे, महार रेजिमेंटचं सागरला, ईएमईचं (सैन्याची यंत्रदुरुस्ती करणारी शाखा) सिकंदराबादला. पत्रव्यवहारात अडचण आली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.

पदकं नीट बघा, कारण सगळ्यात जास्त चुका तिथंच होतात. १९७१ च्या युद्धासाठी ‘पूर्वी स्टार’, ‘पश्चिमी स्टार’ आणि ‘संग्राम मेडल’ अशी तीन वेगळी पदकं आहेत. स्टार पूर्व किंवा पश्चिम आघाडीवरच्या सेवेचा. संग्राम मेडल मात्र त्या काळात सेवेत असलेल्या कितीतरी जास्त जणांना मिळालं. कारगिलचंही तसंच, ऑप (ऑपरेशन) विजय स्टार वेगळा आणि ऑप विजय मेडल वेगळं. नुसतं मेडल पाहून ‘आघाडीवर लढले’ असं छापू नका. त्यांच्याबरोबर नोकरी केलेले लोक लेख वाचतील, आणि त्यांना फरक कळतो. गोल पदकाच्या काठावर बहुधा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं, तेही पडताळून घ्या.

आता दुकान. माझे काका ईएमईमधून निवृत्त झाले आणि त्यांनी मोटर वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळून देण्याचं, दुकान टाकलं. ते गेल्यावर मी त्यांच्यावर लिहायला बसलो तेव्हा सगळ्यात कामाला आल्या त्यांच्या वह्या. जळालेली मोटर आली की जुनी तार तोडण्याआधी ते एका कॉइलचे टर्न (वेढे) मोजायचे, मायक्रोमीटरनं तारेचा गेज (जाडी) बघायचे, स्लॉट (खाचा) किती, पिच (कॉइलच्या दोन बाजूंमधलं अंतर) किती, सगळं टिपून ठेवायचे. पाट्या पुसट झालेल्या, कंपनीचा पत्ता नसलेल्या मोटरी त्या वह्यांच्या जोरावर पुन्हा भरता यायच्या. शेजारच्या कारागिरांनाही ते वही उघडून दाखवायचे. मला त्यांची शिस्त तिथं दिसली. कडक मिशा, पहाटेचं उठणं वगैरे जे सगळेच लिहितात, त्यात नाही.

तुमच्या वडिलांचंही असं काहीतरी असणार. बिलबुकं, उधारीची वही, मालाच्या याद्या, भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेले फोन नंबर, काही फेकू नका. उधारीच्या वहीतली नावं मात्र छापू नका. ज्यांची बाकी राहून गेली त्यांना उगाच ओशाळं वाटेल. तिथं काम शिकून पुढं स्वतःचं दुकान टाकलेला कुणी असेल तर त्याच्याकडे जाऊन बसा. ‘स्वभाव कसा होता?’ असं विचारलंत तर ‘फार चांगला’ एवढंच ऐकायला मिळेल. ‘पहिल्या दिवशी काय काम दिलं? माल खराब निघाला की गिऱ्हाइकाला काय सांगायचे? कशावरून रागवायचे?’ असं विचारा. दुकान सुरुवातीला चाललं नसेल, कर्ज झालं असेल, तर तेही लिहा. निवृत्तीनंतर हुकूम देणारं आणि ऐकणारं कुणी नसताना गिऱ्हाइकाशी नमतं घ्यायला शिकणं अनेकांना जड जातं. काकांनाही गेलं.

सैन्यातले त्यांचे सोबती आता वयस्कर असतील. आधी त्यांना फोन करा, वह्या नंतरही वाचता येतील.